निळ्याला हात लावू नको

३ मार्च
धम्मपाल गावी गेला तो गेलाच! चार महिने झाले. फोन केला की बायको उचलते — "ते शेतात गेलेत, ताई." टेंभुर्णीला यांची शेती दीड एकर. कॉम्प्युटरवाल्या माणसाला तिथं रोज काय एवढं काम असतं देव जाणे.

आणि त्याची रंगपाटी पडली माझ्या गळ्यात. क्लासच्या साईटवर पोरंपोरी कोड लिहितात, त्यातल्या शब्दांना वेगवेगळे रंग देणारी ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. कॉलेजात असताना दोघांनी मिळून सुरू केल्ती, पण खरं सांगायचं तर बारा आणे काम त्याचं. आता ती जुनी झाली. नव्या साईटवर चालतच न्हाई. राधेश्याम सरांचा क्लास, त्यांचा हुकूम — "शीतल मॅडम, पाच एप्रिलला नवी साईट चालू. रंग पाहिजेत म्हणजे पाहिजेत. बिना रंगाचं बच्चे लोक वाचत न्हाईत."

करीन. पण धम्मानं बघून "बराबर" म्हटल्याबिगर बाहेर सोडणार न्हाई. लेकरू त्याचं आहे.

६ मार्च
सकाळपासून तेच करून राह्यले. जुन्या पद्धतीत सगळ्या फायली एकाच ओसरीवर बसलेल्या. कुणीही कुणालाही हाक मारावी, काम व्हावं. नव्या पद्धतीत प्रत्येक फाईल म्हणजे मॉड्यूल, तिला स्वतःचं घर, स्वतःचं दार. बाहेर काय द्यायचं ते एक्स्पोर्ट. आत काय घ्यायचं ते नाव घेऊन इम्पोर्ट. नाव घेतलं न्हाई तर कुणी येत न्हाई. अठ्ठावीस फायली आहेत! आणि धम्मानं कुठंच लिहून ठेवलं न्हाई की कोण कुणाच्या भरवशावर आहे. सगळं त्याच्या डोक्यात.

९ मार्च
अकरा झाल्या. सतरा राहिल्या. मान आखडली.

१२ मार्च
आज रंगांची फाईल उघडली आणि हसायलाच आलं. रंगांना त्यानं आपल्याकडची नावं दिलेली — मोसंबी, करडई, अंबाडी. आणि फंक्शनच्या नावांना निळा. त्याच्यावर त्याच्या हातची ओळ — "निळ्याला हात लावू नको." कॉलेजात मी म्हणाले होते, फंक्शनला हिरवा देऊ, छान दिसंल. तर केवढा तापला! "शीतल, आपल्या घरात निळा रंग उगंच येत न्हाई. आज्यानं त्या झेंड्यापायी गाव सोडलं होतं." मंग निळाच ठेवला. माझ्याही घरी तोच झेंडा, पण मला असं कधी बोलता आलं न्हाई.

जुन्या आवृत्त्या काढून बघितल्या. चार वर्षांपूर्वी किती नाजूक रंग होते! मंग दर सहा महिन्यांनी गडद, अजून गडद. अक्षरं मोठी. शेवटी तर सगळंच ठळक, लग्नपत्रिकेसारखं भडक! काय आवड बिघडली या माणसाची. मी सगळे रंग सौम्य केले. निळा सोडून.

१९ मार्च
स्टेशन रोडवर धम्मा दिसला! अर्पिताचा — बायकोचा — हात धरून चालला होता, लग्न काल झाल्यासारखा. मी रस्त्याच्या या कडेला. हात केला, हसले. ती ऑटोवाल्यांकडं बघत होती. हा मात्र सरळ माझ्याकडं तोंड करून उभा. आणि ओळख न दाखवता निघून गेला.

इतकं काय वाकडं केलं मी त्याचं?

२० मार्च
डोकं बिलकुल चालत न्हाई. फार लागलं मनाला.

२७ मार्च
शेवटी मीच मेसेज टाकला. त्या दिवशी स्टेशन रोडवर बघितलं न बघितल्यासारखं केलंस, असं सरळ लिहिलं. उत्तर आलं ते आवाजात! साहेबांना आता टाईप करायचाही कंटाळा. "ध्यानात न्हाई आलं गं. माफ कर." आवाज जुनाच, मऊ. राग निम्मा उतरला मेला.

मी विचारलं, परत कधी येतो? नव्या पद्धतीची उरलेली कामं दोघं मिळून करू. त्यावर एवढंच — "न्हाई जमायचं आता. तू है ना. फक्त निळा तेवढा ठेव." मागून अर्पिताचा आवाज आल्ता, "सांगून टाका ना एकदाचं." मंग क्लिप बंद. काय सांगायचंय? पुण्याला नोकरी लागली असंल. तोंडावर सांगायची लाज वाटत असंल.

२ एप्रिल
अठ्ठावीसही फायली झाल्या! साईट जल्दी उघडावी म्हणून बांधणीत — सगळ्या फायली बांधून साईटवर चढवतात त्या टप्प्यात — एक ओळ टाकली — ज्याचं नाव कुणी घेतलं न्हाई ते बिनकामाचं, गाळून टाक. माझ्या मशीनवर सगळं सुरेख दिसून राह्यलंय.

५ एप्रिल
क्लास सुटता सुटता साईट चालू केली. पहिली लिंक धम्माला, सोबत लिहिलं — रंग सौम्य केलेत, निळा तसाच ठेवलाय. अर्धा तास फोनकडं बघत बसले. मंग आवाज आला —

"झक्कास झालंय शीतल. रंग सौम्य केलेस, बरं केलंस. निळा बराबर उठून दिसतो."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून असं ऐकलं न्हव्हतं. जिन्यात बसून रडले, खरंच. पुण्याला जा बाबा, कुठंही जा, माझा राग गेला.

६ एप्रिल
रविवार. झोपले पोटभर.

७ एप्रिल
राधेश्याम सर दारातच — "मॅडम, रंग कुठं गेले?"

पान उघडलं. सगळं काळं-पांढरं. एक रंग न्हाई. रंगांची फाईल नुसती जोडलेली, तिच्यातलं एकही नाव कुणी घेत न्हव्हतं, म्हणून बांधणीत ती गाळली गेली. ओळ माझीच. माझ्या मशीनवर बांधणी होतच न्हाई, आणि चालू केल्यावर साईट मी उघडून बघितली न्हाई, म्हणून मला कळलं न्हाई. साईट शनिवारपासून, पहिल्या मिनिटापासून अशीच आहे.

धम्माला मी हेच पान पाठवलं होतं.

"निळा बराबर उठून दिसतो."

स्टेशन रोड. अर्पिताचा धरलेला हात.

उद्या पहिल्या गाडीनं टेंभुर्णीला जाते. समोर गेले की आधी नाव सांगीन — मी शीतल.