माझ्या नंबरावर आचलची लेक्चरं

६ जानेवारी, अकोला

चालत नाही! पैसे मोजून घेतलेले व्हिडिओ — आणि चालत नाहीत!

आचल अमरावतीत खोली करून तलाठी भरतीची तयारी करते. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मी मधेच सोडलं, तिनं पूर्ण केलं. तिचे बाबा किसनराव म्हणाले आहेत, "एवढी परीक्षा पाहू, नाई तं मेमध्ये लग्न." आणि बाई गणितात कच्ची! म्हणून तिला न सांगता गणिताच्या लेक्चरांचा पूर्ण संच विकत घेतला, पेन ड्राइव्हमध्ये भरला, काल एसटीनं जाऊन हातात दिला.

आज फोन. "अनुप, पडदा काळाच हाय. खाली लिहून येते, ज्याच्या नावावर घेतलं त्याच्याच मोबाइलवर दिसन."

घेताना नंबर माझा टाकला होता. भेट द्यायची तर आपल्याच नावानं घेतात ना?

७ जानेवारी

स्क्रीन रेकॉर्ड केलं. आवाज येतो, चित्र काळं. मग दुकानातला दुसरा मोबाइल घेऊन पडद्याचंच शूटिंग केलं आणि तिला पाठवलं.

कॉलेज सोडल्यापासून जुन्या शहरात मोतीराम काकांच्या मोबाइल दुकानात बसतो. काका बघत होते. "एवढा जीव अभ्यासाले लावला असता तं —" पुढचं मी ऐकलं नाही.

आचलचा फोन — "मास्तर शिकवून राहिला अन् त्याच्या टकलावरून तुझा नंबर फिरून राहिला! मले हसू येते, गणित राह्यते बाजूले." चोरी पकडायला तो नंबर टाकतात म्हणे.

मी चोर!

९ जानेवारी

कंपनीला फोन. बाई गोड बोलली. "सर, कॉपी होऊ नये म्हणून असतं."

"चोर काय पैसे देऊन जाते काय, मॅडम?" फोन आपटला. मग पुन्हा लावला. दुसरं कोणाला विचारणार?

दोन मार्ग आहेत म्हणाली. खातं कायमचं आचलच्या नंबरवर करायचं. नाहीतर माझ्याच नंबरवर ठेवून तिच्या मोबाइलवर उघडायचं — पण दर वेळी ओटीपी माझ्याकडे येणार, तो मी तिला सांगायचा.

मी दुसरा निवडला. पहिला आचलला सांगितलाच नाही.

१० जानेवारी

सकाळी सकाळी तिचा फोन! "ओटीपी सांग." सांगितला. ठेवला तिनं.

१५ जानेवारी

आता रोज येतो फोन. काल तिळगूळही फोनवरच झाला. ओटीपी सांगून झाला तरी ती ठेवत नाही.

आज विचारलं, "कॉलेज कावून सोडलं, खरं सांग." खरं सांगितलं — आईलाही सांगितलं नव्हतं ते. काही समजत नव्हतं, सर सगळ्यांसमोर हसले, मी बाक उलटवला.

ती म्हणाली — "बाक उचलला कोणं?"

"मीच."

"मंग ठीक हाय."

दिवसभर गिऱ्हाइकांशी नीट बोललो. काका घाबरले.

२२ जानेवारी

मूर्खपणा झाला.

सकाळी एका गिऱ्हाइकाशी भांडलो. डोकं फिरलं, मोबाइल बंद करून मोर्णा नदीच्या पुलावर जाऊन बसलो. चालू केला तर आचलचे मिस्ड कॉल, एकाखाली एक.

ती चिडली नाही. "आज टक्केवारी करायची होती. रविवारी क्लासची टेस्ट हाय. तुले नसन जमत तं तसं सांग, मी जुन्या पुस्तकातून पाहीन."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचं गणित माझ्या डोक्याच्या पाऱ्यावर टांगून ठेवलंय मी.

२३ जानेवारी

कंपनीला फोन केला. "तिच्या नंबरवर करा. कायमचं."

"सर, मग तुम्हाला काहीच दिसणार नाही."

"करा."

आवाज चढवला नाही. मग आचलला सगळं सांगितलं — हा मार्ग पहिल्या दिवसापासून होता, हेसुद्धा.

"बरं," म्हणाली. ठेवला.

२४ जानेवारी

फोन नाही.

काका म्हणाले, "मोबाइल कावून उलटापालटा करून राहिला बे? बिघडला काय?"

२५ जानेवारी

सकाळी आचल. "ओटीपी आला माझ्याकडं. तुझ्या काही कामाचा नाई, तरी लिहून घे."

मी लिहून घेतला.