सुभेदाराची खाज

घरून, माघ महिना, १९४६

प्रिय किस्ना,

आधी खुशाली सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. आई-आबा बरे आहेत. म्हैस गाभण आहे. तुझे दाजी आहेत तसेच आहेत, म्हणजे न बोलता जेवतात आणि जेवून झोपतात. बरा नाही तो एकटा तुझा सुभेदार. अंगाला खाज सुटलीय मेल्याला. तू म्हणशील, आक्का, त्यात नवीन काय, दरवर्षी सुटते. सुटते रे, पण दसऱ्याला सुटते आणि पंधरा-वीस दिवसांत जाते. आता माघ सरत आला तरी तो खाजवतोय, शेपटीवरचे केस गेलेत, कान लालबुंद झालेत. कुत्र्याच्या खाजेपायी आक्कानं एवढं लांबलचक पत्र लिहिलं, असं वाटून हसू नकोस. शेवटपर्यंत वाच. मधलं गाळून खालची सही बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तू पलटणीत भरती झालास त्या वर्षी हे पिल्लू खांद्यावर टाकून आणलंस आणि नाव ठेवलंस सुभेदार. आबा तेव्हाच म्हणाले होते, मालक शिपाई आन् कुत्रं सुभेदार, मग सलाम कुनी कुनाला ठोकायचा? पहिल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर त्यानं पाय झाडझाडून खाजवायला सुरुवात केली आणि चार दिवसांत तू रजेवर दारात उभा. दुसऱ्या वर्षीही तेच. तेव्हापासून आईच्या मनानं घेतलं की सुभेदार खाजवायला लागला म्हणजे किस्ना तिकडून निघाला. लोकांच्या दारात कावळा ओरडतो, आपल्या दारात कुत्रं खाजवतं. तिसऱ्या वर्षी तू दसऱ्याला आला नाहीस, दिवाळीलाही नाहीस. शेजारची बनाबाई खोचक बोललीच, काय गं, कुठं गेला तुझा शकुन? पण त्या वर्षी पाऊस लांबला होता, खाजही उशिरा सुटली, आणि मार्गशीर्षात तू आलास. तू आलास आणि आठवड्यात कुत्रं गुळगुळीत! मग काय, आईचा शकुन देवाच्या कौलापेक्षा पक्का झाला.

यंदा तर लढाई संपलेली. दसऱ्याला सुभेदारानं पहिला पाय झाडला आणि आईनं त्याच दुपारी जातं मांडलं. लाडू झाले, ओटा सारवून झाला, तुझी खाट उन्हात टाकून ढेकूण मारून झाले. वरच्या आळीचा, तुझ्याच पलटणीतला लालासाहेब रजेवर आला, ट्रंक घेऊन आला, गावभर विलायती बिस्किटं वाटून झाली. तुझं मात्र कार्ड आलं, रजा लांबली, पुढचं मागाहून कळवतो. मागाहून काही कळलं नाही. आईनं लाडवाचा डबा कुणाला उघडू दिला नाही. ते लाडू आता असे झालेत की तुमच्या तोफेत भरावेत. आबा कार्ड ऐकून म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. गेल्या खेपेला तू निघालास त्या सकाळी ओट्यावर जे झालं ते तुझ्याही ध्यानात आहे आणि त्यांच्याही, म्हणून मी उकरून काढत नाही. आबांनी सगळा राग खाजेवर काढायचा ठरवला. म्हणाले, रातध्याड ह्यो पाय आपटतूय, ह्येची खाज तरी घालवतो न्हाईतर मिशा उतरवतो.

पहिल्यांदा करंजाचं तेल झालं. नाकातून घशात उतरतो तो वास तुला माहीत आहे. तेल चोपडून सोडल्याबरोबर सुभेदार गेला तो थेट दोरीवर वाळत टाकलेल्या आबांच्या पटक्यात शिरला आणि अंग पुसून बाहेर आला. आबांच्या ते ध्यानात आलं नाही. तोच पटका बांधून ते चावडीवर बैठकीला गेले आणि परत येऊन म्हणाले, आज काय की मानसं लय लांब लांब बसली. मग बनाबाईनं कडुनिंबाचा पाला उकळून आणला. आंघोळ घालताना पळू नये म्हणून आबांनी कुत्रं पत्र्याच्या बादलीच्या कडीला बांधलं. पळू नये म्हणून, बघ! ते बादलीसकट पळालं. खणाखणा वाजत साऱ्या आळीतून गेलं, आणि लोकांना वाटलं दवंडी आली. दोघंचौघं तर सरकारनं काय हुकूम काढला म्हणून विचारायला बाहेर आली.

त्यानंतर आबा मेढ्याला चांदसाहेब अत्ताराकडं गेले. त्या बिचाऱ्यानं गंधक दिलं आणि बजावून सांगितलं की खोबरेलात खलून लावा आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नका. खोबरेल कुठलं मिळायला, लढाईनं सगळंच महाग केलंय. आबांनी आईच्या शिंक्यातलं ताजं लोणी काढलं, त्यात गंधक कालवलं आणि कुत्र्याला शेपटीपासून नाकापर्यंत लिंपलं. सुभेदारानं आमच्यादेखत बसून सगळं चाटून घेतलं. पुढचे दोन दिवस त्याला खाजवायलाही सवड नव्हती, सारखा परड्यात पळत होता. चांदसाहेबाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, आवं आबा, लोण्यात कालवल्यावर कुत्रंच काय, मीबी चाटलं असतं. या सगळ्यात आई मात्र लांब उभी. नुसती म्हणायची, ऱ्हाऊ द्या की, मुकं जनावर हाय. मला वाटलं, तिला लोण्याचं वाईट वाटतंय.

शेवटी आबांनी साताऱ्याला ढोरांच्या डॉक्टरकडं न्यायचं काढलं. मी कुत्रं धरायला आणि आई उगाच, मीबी येत्ये म्हणून हटून बसली. हल्ली पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटार कोळशावर चालते, निघण्याआधी तिची भट्टी पेटवत बसावं लागतं. कंडक्टर म्हणाला, कुत्रं टपावर टाका. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, लढाईवरच्या मानसाचं कुत्रं हाय, तवा नीट बोल. झालं, सुभेदार आत, आबांच्या मांडीवर. चढणीला मोटार धापा टाकून थांबली. सगळे उतरले आणि ढकलायला लागले, आबासुद्धा, लुगड्याचा काचा मारून मीसुद्धा. आत बसून राहिला फक्त सुभेदार, खिडकीतून आमच्याकडं बघत, खाजवत. आबा ढकलता ढकलता म्हणाले, नाव बराबर ठिवलंय त्येनं. किस्ना, तू गेल्यापासून आबांच्या तोंडून तुझा विषय निघालेला मी त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकला, आणि मला हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरनं कुत्रं उलटंपालटं करून बघितलं, कातडी बोटानं दाबली आणि विचारलं, हे झोपतं कुठं? आबा म्हणाले, परड्यात, गवताच्या गंजीत. मग त्यानं नीट समजावलं. काही माणसांना कसं उडदाचं सोसत नाही, तसं काही कुत्र्यांना गवताचा फोल आणि कुसळं सोसत नाहीत. दसऱ्याला नवं गवत कापून घरी येतं, तेव्हाच खाज सुटते. गवतापासून लांब ठेवा, स्वच्छ गोणपाटावर बांधा, निंबाच्या पाण्यानं धुवा आणि लोणी तुम्ही खा. परतीच्या मोटारीत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू रजेवर आलास की ओट्यावर खाट टाकतोस, आणि हा गंजी सोडून तुझ्या खाटेखाली पडतो. म्हणून तर तू आलास की त्याची खाज जाते! चौथी पास झालेली मी, मोठ्या ऐटीत दोघांना ते सांगितलं. म्हटलं, आई, खाज सुटते म्हणून किस्ना येत नाही, किस्ना येतो म्हणून खाज जाते. आबा नुसते हूं म्हणाले. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

आबांनी दुसऱ्याच दिवशी गंजीभोवती काट्यांच्या फांद्या रोवल्या आणि सुभेदाराला ओट्यावर गोणपाट घालून बांधलं. आठ दिवस गेले. मग आणखी गेले. खाज तिथंच. आबा रोज डॉक्टरच्या नावानं शिमगा करायचे. इकडं मी आईजवळ बसले की तिच्या लुगड्याच्या काठातून कुसळं वेचायची, मूठ मूठ निघायची. विचारलं की म्हणायची, म्हशीला वैरण टाकत्ये न्हवं. मग परवा भरदुपारी मी विरजण मागायला गेले. माझं सासर दोन आळ्या सोडून, मी काय दार वाजवून जातेय होय? बघते तर आई ओट्यावर वाकलेली. गोणपाट उचलून त्याच्याखाली गवत पसरत होती. पसरत होती म्हणजे कशी, बाळंतिणीच्या खोलीत दुपटं घालावं तशी, हातानं सारखं करून. वर गोणपाट टाकलं, सुभेदाराला त्यावर बसवलं, त्यानं पाय झाडायला सुरुवात केली, आणि मग ही स्वतःच त्याच्या शेजारी बसून नखांनी त्याची पाठ खाजवायला लागली. वर त्याला सांगतेय, सोस रं बाबा, सोस, तुजा मालक येईस्तवर सोस.

मी अशी तडकले म्हणून सांगू! म्हटलं, आई, डोकं फिरलं काय तुझं? डॉक्टरनं सांगितलेलं ऐकलंस ना? तर म्हणते कशी, ऐकलं म्हनून तर करत्ये. तूच म्हनालीस न्हवं, किस्ना आला की खाज जाती? मग खाजच गेली तर त्येनं यायचं कशाला? किस्ना, माझी चौथी तिथंच संपली. तिनं पदर डोळ्याला लावला आणि तरी हात कुत्र्याच्या पाठीवर चालूच होता. मी तिच्याजवळ बसले, दोघी मिळून खाजवत बसलो. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की गंजीला तर काटे लावलेत. दुसरं गवत आहे ते माळ्यावर. आणि गुडघे धरल्यापासून आई शिडीची पहिली पायरीसुद्धा चढलेली नाही. विचारलं, तर ती गोणपाटाची कड सारखी करायला लागली. तेवढ्यात आबा रानातून आले, पटका सोडला, खुंटीला अडकवला. पटका कुसळांनी भरलेला. मी बघितलं आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. घसा खाकरला, तांब्या उचलला आणि सुभेदारावर खेकसले, गप की रं, किती खाजवतूस, डॉक्टर लेकाचा काय कामाचा न्हाई!

आता ऐक. तुझी रजेची पाळी आली होती आणि ती तू दुसऱ्याला देऊन टाकलीस, हे लालासाहेबानं मला एकटीला सांगितलंय. मी घरात बोलले नाही. त्या सकाळी तू कडेगावच्या मुलीशी लग्नाला नाही म्हणालास आणि आबा चार माणसांत बोलून गेले की तुझ्यापेक्षा कुत्रं बरं, हाक मारली की येतं तरी. ते तुला लागलं. मलाही लागलं होतं. पण बाबा, तू तरी कुणाचा रे? त्यांचाच ना? तू कार्डात आबांना नमस्कार लिहीत नाहीस आणि ते तुला हाक मारत नाहीत. ते काही या जन्मात लिहून कळवायचे नाहीत की किस्ना, ये. ते रोज सकाळी दुखऱ्या कंबरेनं शिडी चढतात, पेंढी खाली टाकतात आणि रानात निघून जातात. एवढीच त्यांच्याच्यानं हाक मारवते. ते गवत मी उचलून फेकू शकते, माझा हात होत नाही. आणि त्या मुक्या जनावराकडंही बघवत नाही. गवत थांबवायचं तुझ्याच हातात आहे. ये. मुलगी पसंत कर नाहीतर करू नकोस, ते मी बघून घेईन आबांशी. रजा आता परत कशी मागू, अशी लाज वाटत असेल तर साहेबाला सरळ खरं ते सांग. म्हणावं, घरी कुत्र्याला खाज सुटलीय, आणि औषध मी आहे.

वाट बघणारी, तुझीच
शालूआक्का