चौथ्या फेरीपर्यंत

रिग्गई, कुवेत
शुक्रवार, दि. १२ मार्च १९९९

ती. दादास,

गणूचा नमस्कार. पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहायला हात धजला नाही, तेवढे समजून घे. मी बरा आहे. तू, आई आणि चारुशीला वहिनी बरे असाल असे धरून लिहितो.

इकडची थंडी संपली. सध्या कंपनीने मला एका शाळेच्या दारांच्या कामावर घातले आहे. बिजागऱ्या सगळ्या गंजल्या आहेत. काम चांगले चालले आहे. जेवण वेळेवर होते.

तुझे पाकीट सोमवारी मिळाले. आत फक्त माझा नाचतानाचा तो फोटो होता. मी पाकीट दोनदा उलटे करून झटकले. तुझे एकही अक्षर नव्हते. तू रागावलास की मला इतके लांब पत्र लिहितोस की अक्षर लागत नाही. म्हणून कोऱ्या पाकिटाने मी जास्त घाबरलो.

फोटो घरी कसा पोचला ते आधी सांगतो. आमच्या मोठ्या साहेबांचे समुद्रकाठी खैरानला सुट्टीचे घर आहे. महिन्यातून एका गुरुवारी तिथे इंग्रज मंडळी जमतात आणि त्यांच्या देशातल्या खेड्यांत चालतो तो जुना नाच करतात. अंगणात फरशी खडबडीत आहे, म्हणून मी लाकडी फळ्यांची जमीन अंथरतो आणि संध्याकाळी उचलतो. माझे काम तेवढेच. साहेबांच्या मॅडमची पद्धत अशी की जो नाचेल त्याच्या घरी फोटो पाठवायचा. त्यांनी पत्ता मागितला. मी पिनकोडसकट सुवाच्य लिहून दिला. नाव बाबांचे घातले. नेहमी त्यांचेच घालतो, तसे घातले गेले.

ते पाकीट पोस्टमनने तुझ्या हातात दिले तेव्हा घरात काय चालले होते, हे मी रोज मनात आणतो. फोटोच्या मागे मॅडमने तारीख घातली आहे. चार फेब्रुवारी. तारीख बरोबर आहे, दादा. मी खोटे सांगणार नाही.

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, "गणू, बाबा गेले रे. दुपारी नेतोय, तुझी वाट बघता येणार नाही. पण दहाव्याला तरी पोच." मी नळाखाली कपड्यांसकट डोक्यावरून आंघोळ केली. मग आमचा कागदपत्रे करणारा मुस्तफा आहे, त्याच्याकडे ओल्या अंगाने गेलो. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात आणि किल्ली साहेबांकडे. मुस्तफा म्हणाला, "आज दफ्तर बंद. साहेब खैरानला. तू वहीं जा रहा है ना फळ्या घेऊन? पूछ ले. वो सही करेगा तो कल रात का हवाई जहाज मिलेगा."

गाडी सर्फराजची होती. रत्नागिरीकडचा आहे, मागे तुला लिहिले होते. मी त्याला म्हटले, साहेबांचा नियम आहे, खैरानला कामाचे बोलायचे नाही. मागे एकाने रजेचे विचारले तर त्याला दारातून परत पाठवला. सर्फराज भडकला. "मेल्या, तुझा बाप काय दर महिन्याला मरतो? सरळ जा आणि सांग!" मी इंग्रजी वाक्य कागदावर लिहून पाठ केले. स्पेलिंग तपासले. कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

दुपारी फळ्या अंथरल्या. साहेब आले, पण भोवती माणसे होती. मी खुर्च्या लावत राहिलो. चार वाजता नाच सुरू झाला. एका ओळीत पुरुष, समोर बायका, अशा आठ जोड्या. दुसऱ्या नाचाच्या वेळी एका गृहस्थांची कंबर धरली. एक पुरुष कमी पडला तर ओळच उभी राहत नाही. मॅडमनी माझ्याकडे बोट केले. "तू ये! दर वेळी कोपऱ्यात उभा राहून पाय हलवतोस, मी बघते." सगळे हसले. सर्फराज गाडीपाशी उभा होता, त्याने मान हलवली, जा म्हणून.

या नाचाची रीत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. दोन जोड्या समोरासमोर येतात, चौघे समोरच्या जोडीचे एकेक हात धरून गोल फिरतात आणि मग जागा बदलतात. वरची जोडी एक घर खाली येते, खालची एक घर वर जाते. पुन्हा नवी जोडी समोर. मी सगळ्यात खाली होतो, सालमियाच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या बाईंबरोबर. साहेब आणि मॅडम सगळ्यात वर. मी मोजले. चौथ्या फेरीला साहेब माझ्यासमोर येणार, माझा हात त्यांच्या हातात असणार. तिथून ते मला दारातून परत पाठवू शकणार नव्हते. म्हणून मी नाचलो. एवढे खरे आहे, आणि एवढेच सांगून थांबावे असे चार दिवस वाटते आहे.

पहिल्या फेरीला पाय चुकले नाहीत. बाई म्हणाल्या, छान. दुसऱ्या फेरीला समोरच्या माणसाने हात पुढे केला आणि हसला. तिसऱ्या फेरीला मीही हसलो. दादा, दोन वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता. हातात माप द्यायचे, पाना द्यायचा, एवढेच. सुतकात कुणाला शिवू नये, आणि मी चौथ्या फेरीपर्यंत नऊ जणांचे हात धरले.

साहेब समोर आले. माझे दोन्ही हात धरलेले, एक त्यांनी, एक मॅडमनी. साहेब म्हणाले, "तुला कुणी शिकवले? फारच छान!" मी म्हटले, "बघून शिकलो, सर." गोल फिरलो, जागा बदलली, ते खाली गेले. फोटो त्या वेळचा आहे.

मी भ्यालो नव्हतो. तोंड बंद झाले नव्हते. बाबा गेलेत हे मला त्या वेळी आठवलेच नाही. लक्ष पायांकडे होते, आणि बरे वाटत होते. दोन घरे आणखी वर गेल्यावर खिशातला कागद टोचला तेव्हा आठवले. तेव्हा तुमच्याकडे सात वाजून गेले होते. तुम्ही नदीवरून परत येऊन ओसरीवर बसला असाल.

नाच संपल्यावरही विचारता आले असते. साहेब हातभर अंतरावर सरबत पीत होते. पण आत्ताच त्यांच्यासमोर दात काढून नाचलो, आता कोणत्या तोंडाने सांगू की सकाळी बाप वारला? मी पत्ता लिहून दिला आणि फळ्या उचलल्या. गाडीत सर्फराजने विचारले, "दिला काय पासपोर्ट?" मी म्हटले, "नाही म्हणाले." तो सालमियापर्यंत साहेबांच्या सात पिढ्या काढत होता. शनिवारी साहेब महिन्याभरासाठी विलायतेला गेले. मग तुलाही फोनवर तेच सांगितले, की साहेब नाही म्हणाले.

ते परवा परत आले. मी दफ्तरात जाऊन सांगितले. त्यांनी उभ्या उभ्या सही केली. म्हणाले, "महिन्यापूर्वी? मग मला सांगितले का नाहीस? त्याच रात्री पाठवला असता." मुस्तफा शेजारी उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला.

पासपोर्ट आता माझ्याजवळ आहे. तिकीट शनिवार, २७ मार्चचे.

वहिनींच्या मागच्या पत्रात होते की आई रोज दिव्यापाशी बसून साहेबांना शाप देते, तुझ्या पोरांना तुझे तोंड दिसू नये म्हणते. दादा, त्यांना दोन मुली आहेत. त्या दिवशी फळ्यांच्या कडेला बसून टाळ्या वाजवत होत्या. आईला थांबव. तिने शाप द्यायचा तो माणूस तो नव्हे. तू तिला फोटो दाखवला नाहीस, हे वहिनींच्या पत्रावरून कळते. माझी बाजू घेऊन नव्हे, तिला सोसणार नाही म्हणून, हेही कळते. पण मी आलो तर ती मला जवळ घेईल, अन्याय झालेला मुलगा म्हणून. ते मला घेता येणार नाही.

म्हणून हे पत्र तिला वाचून दाखव. सगळे दाखव. चौथ्या फेरीचे गाळू नकोस.

गुरुवारी, २५ तारखेला, तुमच्या साडेचार वाजता मी गावातल्या दुकानाच्या फोनवर फोन करीन. तू येऊ नकोस, आईला पाठव. ये म्हणाली तर येईन. शिव्या घातल्या तर सगळ्या ऐकेन, मी आधी फोन ठेवणार नाही. नुसती गप्प राहिली तर मीही तसाच उभा राहीन, दुकानदार फोन मागेपर्यंत. आणि ती आलीच नाही तर तिकीट परत देईन, आणि पुन्हा कुणाचे नाव पुढे करणार नाही.

ज्याने विचारलेच नाही तो,
तुझा धाकटा भाऊ
गणपत