सीमेवरचा कोरा अर्ज

आबा, आज भाषण करत नाही, नुसतं सांगतो. त्या साली पाऊस गेला, बैल चाऱ्यासाठी पाहुण्यांकडे पाठवावे लागले आणि आपला निलंगा तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आला. लुंबिनीच्या दर्शनाला गेलो, तिथल्या बाजारात तुम्हाला हाताने चालवायचा नांगरटीचा पॉवर टिलर दिसला. परतीचा पाऊस झालाच तर बैलांवाचून रब्बीची ज्वारी पेरता येईल, म्हणून तुम्ही तो नेपाळातच घेतला.

सीमेवरचा नाका मला अजून दिसतो. टिलर टेम्पोत उभा आहे. नाक्यावरचा साहेब नाव, गाव, जिल्हा भरायला अर्ज देतो. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तुम्ही पिशवीतून जमिनीचा उतारा काढता. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच जमीन नावावर झालेली. तुम्ही परगावी निघालात की तो कागद सोबत असायचाच. "उताऱ्यावर उस्मानाबाद हाय, तेच लिव," तुम्ही म्हणता. नव्या जिल्ह्यासाठी मी गावोगाव सभा गाजवलेल्या. मी अर्जात लातूर लिहितो. साहेब दोन्ही कागद शेजारी धरून हसतो, "खेत एक, ज़िले दो? दोनों जगह बोते हो क्या?" आणि दुसरा, कोरा अर्ज पुढे सरकवतो, "पुराना ज़िला लिख दो, ले जाओ." तुम्ही हळूच म्हणता, "भर की लेका, वल थांबत न्हाई." मी भरत नाही. मी बोलायला उभा राहतो. हक्क, अस्मिता, निजामाचे जुने कागद, सगळं काढतो. ट्रकवाले जमतात, टाळ्याही पडतात. साहेब फाईल मिटतो. "तो अब तहसीलदार से लिखवाकर लाओ."

निलंग्याला जाऊन परत यायला आठवडा लागला असता. टिलर दुकानदाराला परत केला. गावी आलो तेव्हा पाऊस पडून गेलेला, ओल उडत चाललेली. तिफणीचं जू तुम्ही आणि आईनं खांद्यावर घेतलं, बी सोडायला चाड्यावर मी होतो. निम्मं रान तसंच राहिलं. पारावर लोकांनी विचारलं, "काय हो, मशीन तिकडंच भंतेजी झालं का?" तुम्ही म्हणालात, "सायेब लई कडक हुता."

तुमच्या त्या एका वाक्यावर मी पुढं वर्षानुवर्षं सभा जिंकल्या. एका साहेबानं माझ्या बापाची पेरणी कशी अडवली, हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. तुम्ही मांडवाच्या कडेला बसून ऐकायचात, खाली बघत. हे लिहिलेला कागद मी कुणाला दाखवणार नाही. साहेबानं कोरा अर्ज दिला होता, हे मी कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. कालच्याही नाही.