विमा उतरवलेली पेटी

आबा, घर जळालं. सगळं नाही, पुढची खोली आणि वरचं अर्धं छप्पर. माणसं सुखरूप आहेत. तुमची पियानो दुरुस्तीच्या हत्यारांची पेटीही सुखरूप आहे, आणि तिथंच सगळा घोटाळा झालाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी लिहिलं नाही. धड लिहायला येतं तरी कुठं, मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले तेवढंच. पण आज कुणाला तरी विचारायचंय, आणि जिवंत माणसांना विचारून झालं.

शेजारच्या पिंजारी चाचांच्या कापसानं पेट घेतला. भर दुपार, वारा आमच्याकडं. मी आत पळाले. कोपऱ्यात तुमची पेटी होती, आणि बाजेवर छावणीतल्या क्लबाच्या पियानोचा आतला सांगाडा आडवा ठेवलेला, सगळ्या हातोड्यांसकट. कसरीनं हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा खाल्ला होता, तो मी नवा चढवत होते. सांगाडा एकट्या माणसाला उचलत नाही. पेटीला कडी आहे. माझा हात कडीवर गेला. म्हणजे ज्याचा विमा उतरवला होता ते मी वाचवलं आणि ज्याचा नव्हता ते जळू दिलं. यावर हसावं का डोकं फोडून घ्यावं, तुम्हीच सांगा.

तुम्ही विचाराल, क्लबाचा माल आपल्या घरात आलाच कसा? विचारा. मला लहानपणची ती दुपार अजून दिसते. आई चुलीपुढं बसलीय, तव्याशेजारी तुमचं कातड्याच्या सरसाचं भांडं खदखदतंय, आणि आई म्हणते, "भाकरीला बी त्या मढ्याचा वास लागतोय, बाहेर काढा ते." मी दहा-बारा वर्षांची असेन. मेमसाहेबाच्या पियानोची सुटलेली पांढरी पट्टी मी ओच्यात घालून आणली होती, घरी सरस लावून तुम्हाला खूश करायला. तुम्ही मारलं नाही. पट्टी फडक्यात गुंडाळली, डोक्याला पटका बांधला आणि त्या उन्हात पायी छावणीला निघालात. जाताना एवढंच बोललात, "दुसऱ्याचा जिन्नस आपल्या छपराखाली झोपवायचा नाय. काम त्याच्या दारात, त्याच्या डोळ्यापुढं." आल्यावर घटाघटा पाणी प्यालात आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत.

मी ते पाळलं, आबा. लई वर्षं पाळलं. पण तुम्ही पुरुष होतात. तुम्हाला व्हरांड्यात सतरंजी मिळायची. मला क्लबाचा बटलर म्हणाला, "बाई, साहेब लोक संध्याकाळी पितात, तुम्ही इथं नको. टांगा करा आणि घेऊन जा घरी." भांडले, ऐकलं नाही. काम सोडलं असतं तर त्यानं दुसरा माणूस हैदराबादहून आणला असता. आणलं घरी.

आणि मजा ऐका. त्याच्या आधी वर्षभर विमेवाला घरी आला होता. रूमी टोपी, पायात पंपशू, बोलायला गोड. तारा पिळायची चावी, चिमटे, सुया, कानशी, सगळं एकेक हातात घेऊन बघितलं. मग विचारलं, "और कुछ? गिऱ्हाईकाचा माल वगैरे राहतो का घरी? तो वेगळा लिहावा लागतो." मी मान वर करून सांगितलं, "आमच्यात गिऱ्हाईकाचा माल घरी राहत नसतो. माझ्या बापाची शिस्त आहे." तो म्हणाला, "माशाल्ला." आणि फक्त पेटी लिहिली. तुमच्या नावानं तोरा मिरवला, तो असा भोवला.

परवा शहागंजात विमेवाल्याकडं गेले. म्हटलं, क्लबाचा माल जळाला. तो म्हणाला, "त्याचं काही मिळणार नाही, बाई. पेटी जळाली असेल तर बोला, तिचे पैसे मिळतील. मी येऊन राख बघतो." मी गप्प बसले. मी, आबा! जिच्या तोंडाला सगळी गल्ली भिते, ती मी गप्प बसले. पेटीही जळाली असं त्यानं धरलं. उद्या तो येतोय.

क्लबाचा सेक्रेटरी तर सरळ बोलला, सांगाडा विलायतेहून मागवतो, पैसे तू भर, नाहीतर कोतवालीत जा. किती पैसे ते मी इथं लिहीत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. घर विकलं तरी भागणार नाही, आणि आता अर्ध्या घराला घेतो कोण? छावणीचं काम बंद झालं तर पोरांच्या ताटात काय वाढू?

पिंजारी चाचा काल येऊन उंबऱ्यात बसले. म्हणाले, "कायकू सोचती बेटी? डाल दे पेटी आग में. लोहा रह जाता, लकड़ी जल जाती. कौन देखने आरा, कब जली?" मी म्हटलं, "व्हय चाचा, तुमच्या कापसानं घर जाळलंच, आता माझे हातबी जाळा!" ते उठून गेले नाहीत. खाली मान घालून तिथंच बसले. त्यांचंही सगळं गेलंय.

आज पोरांना बाहेर पाठवलं आणि चूल पेटवली. पेटीतलं एकेक हत्यार जाळायला काढलं, तर हाताला पहिल्यांदा तारा पिळायची चावी लागली. माझ्या हातासाठी तुम्ही केलेली, शिसवी मुठीची, माझा अंगठा बसावा म्हणून खाच कोरलेली. "पोरीचा हात ल्हान हाय," म्हणून आईला दाखवत होतात ती. ती घातली चुलीत. शिसव लवकर पेटेना, नुसता धूर झाला, आग लागली त्या दिवशीचाच वास घरात भरला. सांडशीनं ओढून काढली आणि पाण्यात बुडवली.

पेटी आता दारात ठेवलीय, मधोमध. उद्या विमेवाल्याला ती साबूत पेटी ओलांडूनच आत यावं लागेल. पुढं क्लबाला काय सांगायचं ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसणार.

हे पत्र कुठं टाकायचं? चुलीत टाकणार नाही, आज चुलीत टाकायचं ते टाकून झालं. पेटीतच राहील, नमद्याच्या तुकड्यांखाली. चावीची मूठ एका अंगानं काळी पडलीय. घासली तर खाच जाईल, म्हणून तशीच ठेवलीय. आणि एक सांगते. चावी जाळात होती तेव्हा मला तुमची आठवण नाही आली, आबा. मी म्हणत होते, पेट गं बाई, लवकर पेट.