सासूबाईंनी घासलेलं न्हाणीघर

सेमारांग, ६ ऑगस्ट १९८८

ती. म्बाक वुर्यानीस,
म्बाक म्हणजे ताई, तुला धाकट्या पालुपीचा सा. न. वि. वि.

बाळासाठी तू शिवलेली झबली पोचली. तुझे नीटस टाके माझ्या टाक्यांशेजारी बघून आमचे हे, हर्तोयो, म्हणाले, बहिणी सख्ख्या आहात ना?

त्यांच्या शाळेनं घर चांगलं दिलंय, पण न्हाणीघर बघवत नाही. विहिरीच्या पाण्यात लोह आहे. भिंती तांबूस झाल्यात, हौदाला काळं शेवाळ धरलंय. गरोदरपणाच्या सातव्या महिन्याचं माझं शुभस्नान तेवीस तारखेला, तेही तिथंच, कारण अंगण एवढंसं. परवा हर्तोयोंनी ॲसिडची बाटली आणली आणि सगळीकडे ओतली. मी नुसती डोकावले, तर श्वासच घेता येईना. सासूबाई आदल्या दिवशीच गावाहून आल्या होत्या. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, तोंडाला ओलं फडकं बांधून स्वतः आत गेल्या, झरोका उघडला आणि बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. नंतर तासभर खोकत होत्या.

तेव्हा कळलं. बावीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉटेलातली संडास-न्हाणीघरं असल्याच औषधांनी घासली, त्यातच छाती गेली. हर्तोयोंनी मला सांगितलं होतं, आई हॉटेलात देखरेख करायची! सासूबाईंनी बजावलंय, इथं बोलू नकोस, मास्तरला कमीपणा येईल.

उद्या त्या स्वतः न्हाणीघर घासणार आहेत. मागच्या झाडाची टोपलीभर बिलिंबी, ती आंबटढाण हिरवी फळं, काढून ठेवलीय.

मेव्हण्यांना नमस्कार. माया असू दे.
तुझी पालुपी

मलांग, १३ ऑगस्ट १९८८

चि. पालुपीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काळजात धस्स झालं. आता बरी आहेस ना? दाईला दाखवलंस का? हर्तोयोंना सांग, भूगोल शिकवा, ॲसिडाच्या नादी लागू नका.

बिलिंबीचं वाचून तुझे मेव्हणे हसले. म्हणाले, ती माशाच्या कालवणात घालायची की फरशीवर? मला मात्र खरंच जाणून घ्यायचंय. आमच्याही नळाखाली तांबडा ओघळ आहे आणि मी हात टेकलेत. सविस्तर लिही.

दुसरं. स्नानाला सात वडीलधाऱ्या बायका पाणी घालतील, त्यात पहिला मान होणाऱ्या आजीचा. आपली आई असती तर गोष्ट वेगळी. आता तो मान तुझ्या सासूबाईंचा. त्या मागे राहायला बघतील, तू राहू देऊ नकोस. कांजिण्यांनी पोरं पडलीत, मला येता येत नाही, याचंच वाईट वाटतं.

जिवाला जप. पत्राला उशीर करू नकोस.
तुझी म्बाक वुर्यानी

सेमारांग, २५ ऑगस्ट १९८८

ती. म्बाक वुर्यानीस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. दाईनं तपासलं, बाळ लाथा मारतंय.

आधी तुझा ओघळ. सासूबाईंनी हौद रिकामा केला. बिलिंबी मीठ घालून ठेचली, डागांवर थापली आणि तासभर तिकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. मग नारळाच्या सोडणानं घासलं. काय सांगू, तांबडं पाणी वाहून खालची पांढरी फरशी दिसली! ती पांढरी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. साबणाच्या चिकट थराला चुलीतली चाळलेली राख. मोरीत खायचा सोडा आणि वर कढत पाणी. शेवटी गवती चहाच्या उकळलेल्या पाण्यानं सगळं धुतलं. मला उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसवलं होतं. तीन दिवस लागले. मध्येच दम लागला की भिंतीला टेकायच्या, पण हात कसा चालायचा म्हणून सांगू, सतारीवर फिरावा तसा.

तेवीसला बायका जमल्या. तू म्हणालीस तेच झालं, सासूबाई स्वयंपाकघरातून हलेनात. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या की या हातांनी संडास घासलेत, शुभकार्यात नकोत. तेवढ्यात हेडमास्तरांच्या बायकोनं न्हाणीघर पाहिलं आणि विचारलं की कोणती मोलकरीण ठेवलीय, आमच्याकडेही पाठवा. हर्तोयो दारात फुलांची परडी घेऊन उभे होते. त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील.

ते म्हणाले, "मोलकरीण नाही, माझी आई. बावीस वर्षं हॉटेलातली न्हाणीघरं घासून तिनं मला शिकवलं. आजवर मी हे लपवत आलो."

मग हेडमास्तरीणबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि सासूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. करवंटीचा डाव त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या की पहिलं पाणी तुमचं, आम्ही तुमच्या मागून. सासूबाईंनी आधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलं, मग माझ्या डोक्यावर सोडलं. म्बाक, मी रडले ते त्या पाण्यात कुणाला दिसलं नसावं.

बायका गेल्यावर हर्तोयो विजार दुमडून न्हाणीघरात शिरले आणि ओली फरशी पुसायला बसले. जन्मात पहिल्यांदा. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, "हौदामागचं राहिलं."

आणि ते हौदामागे सरकले.

पोरांना पापे. आठवण काढत जा.
तुझी पालुपी