शिंपीकाकांचे त्र्याऐंशी फिट

ती. मामांच्या चरणी डॉक्टर भाचीचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात खुर्चीत बसून, एक पाय स्टुलावर). तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणते, जिना चढताना तुम्ही एकेका पायरीचा उद्धार करता. गेल्या महिन्यातलं माझं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, ते पोचलं. दहापैकी साडेपाच गुण दिलेत. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस सख्ख्या भाचीला याहून जास्त देणार नाही, हे ठाऊकच होतं.

पहिली गोष्ट, मी घड्याळं विकते असा जो समज आपल्या नातेवाइकांत पसरला आहे, तो कृपया आवरा. मी अजून डॉक्टरच आहे. ज्यांना फेफरं येतं त्यांच्या मनगटाला आम्ही एक पट्टा बांधतो. झटका आला की हात ठरावीक तऱ्हेने थरथरतो, पट्टा ते ओळखतो आणि घरच्यांच्या फोनवर बोंब ठोकतो. पट्टा खरं बोलतो की खोटं, हे तपासणं म्हणजे माझं संशोधन. त्यासाठी रुग्णाने रोज एका वहीत लिहायचं, आज झटका आला की नाही. पट्टा एक सांगणार, वही एक सांगणार, आणि मी मधे बसून दोघांचं जुळवणार. (थोडक्यात, लग्न जुळवणाऱ्या बाईचंच काम, फक्त जेवण मिळत नाही.)

रुग्णांना द्यायच्या आधी पट्टा आम्ही स्वतः आठवडाभर बांधावा, असं आमच्या साहेबांनी फर्मान काढलं. साहेबांना आम्ही सरासरीसाहेब म्हणतो, कारण त्यांना एकटा माणूस दिसतच नाही, निदान चाळीस लागतात. पहिल्याच सकाळी मी दात घासले आणि पट्ट्याने माझ्या आईला कळवलं की मला झटका आला आहे. अंडी फेटली, परत कळवलं. तिसऱ्या वेळी आईने फोन करून फक्त एवढंच विचारलं, "आता काय घासतेयस?" साहेबांचा अनुभव याहून भारी. त्यांनी पट्ट्यावर दीड तास भाषण केलं, शेवटी सगळ्यांनी सुटकेच्या आनंदात टाळ्या वाजवल्या आणि सभागृहातल्या एकवीस जणांना एकाच वेळी झटका आल्याची नोंद झाली. पुढे दुरुस्त्या झाल्या. आता पट्ट्याला टाळी आणि झटका यांतला फरक कळतो. साहेबांना अजून कळत नाही, ते टाळ्या खऱ्या मानतात.

असो. हे पत्र ज्यांच्यामुळे लिहिते आहे त्या शिंपीकाकांकडे येते. वय बासष्ट, बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान, घरात मुलगा आणि सून. झटके वर्षाला सात-आठ. माणूस इतका शिस्तीचा की तीन महिने एकही दिवस न चुकता वही भरली. पट्टा डाव्या हाताला, कारण मशीनवर तो हात फक्त कापड धरतो. ("डावा हलला तर शिवण वाकडी, डॉक्टरबाई.") तीन महिन्यांनी मी तक्ता मांडला आणि मला घाम फुटला. वहीप्रमाणे काकांना नव्वद दिवसांत त्र्याऐंशी वेळा फिट आली होती. पट्ट्याने त्यांतली एकही पकडली नव्हती. उलट ज्या दोन दिवशी पट्ट्याने बोंब मारली, नेमक्या त्याच दोन दिवशी काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "फिट नाही."

साहेब म्हणाले, "हे यंत्र नुसतं चुकत नाही, हे उलटं चालतं. सेल उलटे घातलेत का बघा." त्यावर समिती बसली. पाच दिवशी काकांनी "सैल" असं लिहिलं होतं. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी पाऊण तास समजावलं की झटक्यांचा एक प्रकार अंग एकदम सैल पडण्याचा असतो, पट्टा तो ओळखत नाही, हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. दोघांनी ते लिहून घेतलं. एकाने त्यावर निबंध लिहायची परवानगी मागितली.

इथवर हसू येतं, पण त्याच वहीची एक प्रत काकांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली होती. त्र्याऐंशी फिट बघून त्यांनी काकांच्या गोळ्या दुप्पट केल्या. त्यांनाही काय बोल लावणार? आता काका मशीनवर बसल्या बसल्या पेंगतात. सूनबाई परवा एक सदरा घेऊनच माझ्याकडे आल्या. त्याला दोन्ही बाह्या डाव्या. "चाळीस वर्षांत यांनी एक काजसुद्धा चुकवलं नाही हो," म्हणत त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला. गोळ्या उतरल्या नाहीत तर दुकान बंद करायचं, असं घरात चाललं आहे.

मग मी काकांसमोर वही उघडली आणि विचारलं, या त्र्याऐंशी फिट आल्या कशा?

"आल्या कशा म्हणजे? तुम्हीच रकाना केलाय ना, 'फिट?' म्हणून. पट्टा फिट बसलाय का, तेच विचारता ना रोज? मापातलं मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"आणि हे सैल?"

"पाच दिवस सैल होता. मग मीच एक भोक पाडलं, तेव्हापासून फिट."

"आणि या दोन दिवशी 'फिट नाही'?"

"त्या दिवशी मला झटका आला होता. सूनबाईने घाबरून पट्टा सोडला, परत नीट बांधता येईना तिला. मग फिट कसा लिहू? खोटं लिहू?"

म्हणजे पट्टा दोन्ही वेळा बरोबर, काकाही नव्वद दिवस बरोबर, चूक फक्त रकान्याच्या डोक्यावरचा तो एक शब्द. समितीने लगेच फाइल काढली. वहीचा मजकूर तुम्हीच मराठीत लिहून दिला होतात, तो बरोबर असल्याचा दाखला फाइलला जोडलेला आहे. त्याखाली सही तुमची. आता पंधरा तारखेला बैठक आहे, आणि त्याआधी ते तुम्हाला फोन करणार आहेत. काकांचे डॉक्टरही म्हणतात, वही चुकली हे कुणीतरी लेखी द्या, गोळ्या आजच्या आज उतरवतो. या गोष्टीला चार दिवस झाले. लेखी कुणी द्यायचं यावर सध्या आमच्याकडे सखोल विचार चालू आहे.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमची,
साडेपाच गुणांची भाची

ता. क. : फोन आला तर एवढंच म्हणाल का, की "वयोमानाने नजरचूक झाली"? तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला कोण काढणार? माझा मात्र करार येत्या महिन्यात संपतो आहे. शिवाय "फिट" हा शब्द आता मराठीच झाला आहे, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत तर समितीत उलट बोलायची कुणाची छाती नाही.

ता. क. २ : खरं सांगायचं तर तुम्ही "आज झटका आला का?" असंच लिहिलं होतं. त्यामुळे तक्ता दुसऱ्या पानावर जात होता. तो एका पानात फिट बसावा म्हणून तुमची सही झाल्यावर मी "फिट?" केलं. एवढ्यासाठी परत तुम्हाला काय त्रास द्यायचा, असं वाटलं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार एवढ्यात शिंपीकाका आले. डोळे उघडे राहीनात, तरी मला विचारत होते, "माझ्या लिहिण्यात काही चुकलं का हो बाई? तसं असेल तर सगळी वही परत लिहून देतो." त्यांना रिक्षात बसवलं, वर आले आणि त्यांच्या डॉक्टरांना लेखी दिलं : शब्द मी बदलला, पट्टा आणि वही दोन्ही खरे. अडीच ओळी लागल्या. गोळ्या आजपासून टप्प्याटप्प्याने उतरतील. तेव्हा पहिला ता. क. वाचू नका. तो खोडणार होते, पण आमच्या खात्यात खोडलं की शेजारी सही आणि तारीख लागते. समितीलाही हेच कळवलं, आणि शब्द मी बदलल्याचा पुरावा म्हणून तुमच्या हस्ताक्षरातली मूळ प्रत त्यांना हवी आहे. माझी कीव येऊन "सापडत नाही" असं कळवाल, हे मी ओळखून आहे, म्हणून मामीला आधीच फोन केला. तिने ती प्रत पाकिटात घालून, वर समितीचा पत्ता लिहून, तुमच्या चष्म्याखाली ठेवली आहे.